खरी आग असेल तरच डिस्क घ्या

‘टर्मिनेटर २’ या सिनेमाची ४के डिस्क, म्हणजे सगळ्यात बारकाईच्या चित्राची, घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. त्याचीच जुनी, एक पिढी मागची ब्ल्यू-रे डिस्क कुठं हाताला लागली तर सोडू नका. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ डोळे झाकून घ्या. ‘मिशन: इम्पॉसिबल – फॉलआउट’ घ्यायचा तर ४केच घ्या. एवढंच हवं होतं त्यांनी इथून उठलं तरी राग नाही. बाकीच्यांनी बसा निवांत.

माझी कोल्हापुरात उद्यमनगरात छोटी फौंड्री आहे. ग्रे आयर्नचं, म्हणजे बिडाचं ओतकाम. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी, कधी ट्रॅक्टरचे सुटे भाग. आठवडाभर भट्टीसमोर काढलेला माणूस सुट्टीच्या आदल्या रात्री घरी येतो आणि परत आगच बघत बसतो, हे आमच्या सौ.ना अजून पटलेलं नाही. “अहो, दिवसभर बघता तेवढं पुरत नाही काय?” पुरत नाही. कारखान्यात आग बघायला फुरसत कुठं असते? तिथं तापमान बघायचं, स्लॅग, म्हणजे वरची मळी निघाली का बघायचं, लॅडल, म्हणजे ओतायची कढई कोरडी आहे का बघायचं, पोरांनी पायात बूट घातलेत का बघायचं. आगीकडं नुसतं आग म्हणून बघायची चैन घरातल्या टीव्हीसमोरच.

त्यातही पहिले भाग मला फारसे ओढत नाहीत. माझा कल दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या भागाकडं. सिनेमावर बोलणारी शहाणी माणसं सीक्वेल म्हटलं की नाक मुरडतात. गोष्ट संपली, आता नुसता धंदा उरला, म्हणतात. असू दे की धंदा! खासबागेच्या मैदानात दोन नवखे मल्ल पहिल्यांदा भिडतात तेव्हा निम्मा वेळ खडाखडीत जातो. तीच जोड पुढच्या साली परत लागली की सलामी झाली न झाली तोवर डाव पडतो. सीक्वेलमध्ये मला ती दुसऱ्या सालची कुस्ती मिळते. नायक कोण, त्याची बायको का गेली, त्याला झोप का लागत नाही, हे सगळं आधीच उरकलेलं असतं. जेवण करून नऊला बसलो तर सव्वानऊला काहीतरी उडालेलं असतं.

शिवाय पैसा. १९८४चा पहिला ‘टर्मिनेटर’ ६४ लाख डॉलरच्या आसपास झाला. १९९१च्या दुसऱ्या भागाला १० कोटी डॉलरच्या घरात खर्च आला. तोवरचा सगळ्यात महागडा सिनेमा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. दिग्दर्शक दोन्हीकडं जेम्स कॅमेरॉनच. पहिल्यात पैसे नव्हते म्हणून जे अंधारात उरकलं, ते दुसऱ्यात उघड्यावर, भरपूर दिवे लावून केलं. डोकं तेच आणि खिसा मोठा, असं जमून आलं की सीक्वेल पहिल्यावर मात करतो. नुसता खिसा मोठा झाला की काय होतं ते आपण दर वर्षी बघतोच.

आता हे घरीच का बघायचं? माझ्या पिढीनं हे सिनेमे आधी व्हीसीडीवर बघितले. राजारामपुरीतल्या एका लायब्ररीतून आणायच्या, एका सिनेमाच्या दोन डिस्का, ऐन पाठलागात पहिली संपायची आणि कुणीतरी उठून दुसरी घालायचं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि चित्राला मिळणारा डेटा सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट. दोन माणसं बोलत बसली असतील तोवर निभायचं. स्फोट झाला की पडद्यावर नुसते चौकोन नाचायचे. आम्हाला वाटायचं डिस्क खराब आहे, म्हणून शर्टाला पुसून परत घालायची.

डिस्क खराब नसायची. व्हिडिओ साठवताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः साठवतात. भिंतीसमोर माणूस उभारलाय, ओठ हलताहेत, तर भिंत परत साठवायची गरज नाही. पण आग, धूर, उडणारी वाळू, फुटलेल्या काचा, पाण्याचे तुषार यांत प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो. तिथं डेटाची भूक एकदम वाढते आणि नळ बारीक असेल तर चित्र फाटतं. म्हणजे घरच्या यंत्रणेची खरी परीक्षा स्फोटातच होते. स्ट्रीमिंगवर ४के सिनेमा साधारण १५ ते २५ मेगाबिटांत येतो. ४के डिस्कवर हाच आकडा गरज पडेल तिथं १००च्या पुढं जातो. आवाजातही तेच. स्ट्रीमिंगचा आवाज दाबून पाठवलेला, डिस्कवरचा बहुतेक वेळा काहीच न गाळता ठेवलेला. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं की, “पप्पा, फोनवर सगळं दिसतंय की.” दिसतंय, पण पोटात वाजत नाही.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. आग खरी लावली असेल, गाडी खरी उलटवली असेल, तर डिस्कवर पैसे घालायचे. कॉम्प्युटरवर काढलेली आग असेल तर महिन्याच्या वर्गणीत जे येतं तेवढ्यावर भागवायचं. खोट्या आगीला डेटा कितीही द्या, ती उजेड पाडत नाही. खऱ्या स्फोटात शेजारच्या माणसाच्या कानशिलावर, गाडीच्या टपावर, जमिनीवरच्या पाण्यात, सगळीकडं एकाच वेळी पिवळा उजेड पडतो. हे भट्टीवर काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता ‘टर्मिनेटर २’. हा सिनेमा मी बघतो तो शेवटच्या पोलाद कारखान्यासाठी. आमच्या मेल्टरला, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या गड्याला, एकदा मुद्दाम घरी बोलावून दाखवला. तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, “मालक, ह्ये मेटल न्हवं. एवढ्या जवळ उभारलं तर भुवया ऱ्हातील काय?” बरोबर आहे. कढईच्या कठड्यावर माणसं वाकून बोलताहेत, घाम आहे, पण मान फिरवत नाही कुणी. वितळलेल्या मेटलची धग अंगावर येते तेव्हा माणूस आपोआप तोंड वळवतो. त्याला अभिनय लागत नाही.

रंगाचंही तेच. पडद्यावरचं पोलाद गडद केशरी आहे. पोलाद वितळतं १५०० अंश सेल्सियसच्या आसपास, ओतताना त्याच्याही वर, आणि त्या तापमानाला ते केशरी नसतं. पांढरंफेक, फार तर पिवळसर दिसतं. मेल्टर निळ्या काचेतून बघतो ते हौसेनं नव्हे. केशरी रंगाला पोलाद अजून घट्ट असतं, घणाखाली घ्यावं असं. आणखी एक. वितळलेलं पोलाद पाण्याच्या सातपट जड. त्यात माणूस पडला तर बुडणार नाही, वरच तरंगत जळेल. पोलादी सांगाडा असलेलं यंत्र, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर झालाय तो टर्मिनेटर, बुडालं तरी जेमतेम. सिनेमात ते संथपणे, सरळ, अंगठा वर करून जातं. मला चालतं. चेन ब्लॉकवरून खाली सोडताना पेंडंटचं, म्हणजे लोंबत्या स्विचचं बटण दाबणारी बाई जशी उभारलीय, तसं आमच्याकडंही जड मोल्ड (साचा) खाली घेताना कुणीतरी उभारलेलं असतं. डोळे मालावर आणि अंगठा बटणावर.

मग माझा नियम इथं कुठं गेला, असं विचाराल. मेटल खोटं आहे पण कारखाना खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या फोंटाना गावचा कैसर स्टीलचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धात उभारलेला. शूटिंगच्या आधीच बंद पडला होता. बंद भट्ट्यांना दिव्यांनी आणि धुरानं चालू केल्याचा भास दिलाय. पण तो जिना, ती क्रेन, रेलिंगवर बसलेली ती काळी पूड सेट लावून येत नाही. पूड बघितल्यावर आमचा मेल्टर जरा निवळला. “कारखाना चाललेला हाय एके काळी,” म्हणाला.

बाकी सिनेमात खरेपणाची रेलचेल आहे. हेलिकॉप्टर हमरस्त्यावरच्या पुलाखालून जातं ते खरोखर गेलंय. चक टॅम्बुरो नावाच्या पायलटनं ते उडवलं. सिनेमातल्या सायबरडाइन कंपनीच्या ऑफिसचा स्फोट फ्रीमाँटमधल्या खऱ्या इमारतीवर घडवलाय, टेबलावरच्या मॉडेलवर नाही. शेवटाकडं पाऱ्याचा तो माणूस, म्हणजे हवं ते रूप घेणारा खलनायक यंत्रमानव, नायिका सारा कॉनरचं रूप घेतो आणि दोन सारा एका चौकटीत येतात, तिथंही कॉम्प्युटर नाही. सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली तिथं उभी केली आहे. पागलखान्यातल्या पहारेकऱ्यापाशीही हीच युक्ती, तिथं खरे जुळे भाऊ आहेत. थिएटरात हे कळायचा प्रश्नच नव्हता. घरी रिमोट हातात असतो, चित्र थांबवायचं, एक पाऊल मागं घ्यायचं, जोड कुठं आहे तो शोधायचा. कास्टिंगवर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, शोधायची सवय असलेल्या माणसाला याचं व्यसनच लागतं. जोड सापडला तरी मजा, नाही सापडला तरी मजा.

आवाज. चार ऑस्कर मिळाली या सिनेमाला, त्यांतली दोन आवाजाचीच. ध्वनीची रचना गॅरी रायडस्ट्रॉमची. तो पाऱ्याचा माणूस गजांमधून आरपार जातो तेव्हा जो पचपचीत आवाज येतो, तो डब्यातून ओघळणाऱ्या कुत्र्याच्या खाण्याचा आहे. हे कळल्यापासून आमच्या सौ. त्या जागी उठून जातात.

एवढा सिनेमा, आणि ४के डिस्क मात्र घेऊ नका म्हणतोय. २०१७ साली सिनेमाची नव्यानं साफसफाई झाली, त्रिमितीतही काढायचा होता म्हणून. त्या नादात फिल्मवरचा नैसर्गिक रवा, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, पुसून टाकला. रव्याबरोबर कातडीवरची छिद्रं गेली, सुरकुत्या गेल्या, चामड्याच्या जाकिटाचा पोत गेला. अर्नोल्ड श्वार्झनेगर तुळतुळीत दिसतो. यंत्र आहे म्हणून त्याला चालून जाईल, पण सारा कॉनरनंही काल फेशियल केल्यासारखं दिसावं? वेड्यांच्या इस्पितळात वर्षं काढलेली बाई आहे ती. जगभरच्या डिस्कवाल्यांनी याबद्दल बोंब मारली आहे, मी एकटा नाही. आगीचा उजेड ४केमध्ये वाढलाय, हे मान्य. पण माणसांचे चेहरे गमावून आग मिळत असेल तर तो सौदा मला परवडत नाही. जुन्या ब्ल्यू-रेवर रवा आहे आणि लांबवलेली आवृत्तीही मिळते. थिएटरची आवृत्ती १३७ मिनिटांची, लांबवलेली १५ मिनिटांहून जास्त मोठी. त्या जास्तीच्या भागात यंत्राच्या डोक्यातली चिप काढायचा प्रसंग आहे, आरशासमोरचा. आरसा बिरसा काही नाही, भिंतीला भोक आहे. अलीकडं श्वार्झनेगरचा पुतळा, पलीकडं खुद्द तो, आणि दोन्हीकडं एकेक जुळी बहीण, एकमेकींच्या हालचाली जुळवत. हा एक प्रसंग बघायला मी डिस्क घेतली असती.

या गावाला पडद्यावरच्या करामतींचं वेड जुनं आहे, हे जाता जाता सांगतो. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. मारधाड ही परदेशातून आलेली चटक आहे असं कुणी म्हणालं की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो.

‘फ्युरी रोड’बद्दल फार लिहीत नाही कारण तक्रारच नाही. मालिकेतला चौथा भाग, २०१५चा, तिसऱ्यानंतर तब्बल ३० वर्षांनी आलेला. दिग्दर्शक पहिल्यापासूनचे जॉर्ज मिलरच. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्यात, खऱ्या आपटल्यात. लांब काठ्यांवर झुलणारी माणसं खरी. ज्या गिटारीतून ज्वाळा निघतात ती वाजतही होती आणि पेटतही होती. शेवटी तो अजस्र टँकर ट्रक उलटतो तोही खराच उलटवलाय. सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून मार्गारेट सिक्सेल या संकलक बाईंनी दोन तासांचा सिनेमा काढला आणि ऑस्कर मिळवलं. एकूण सहा मिळाली, त्यांत आवाजाची दोन्ही. वाळूचं वादळ तेवढं कॉम्प्युटरचं आहे. त्या वेळी मी चहा ठेवतो.

बघायची गोष्ट म्हणजे चित्राचा मधला भाग. एवढी धावपळ, एवढे तुकडे, पण डोळा भिरभिरत नाही, कारण जे महत्त्वाचं ते जवळजवळ दरवेळी चौकटीच्या मध्यावर ठेवलंय. त्यामुळं टीव्ही लहान असला तरी हा सिनेमा सोसतो. आमच्या सौ. एकही जांभई न देता शेवटपर्यंत बघतात असा मारधाडीचा हा एकच सिनेमा घरात आहे. “गाडी ती बाईच चालवतीय की सगळा वेळ,” हे त्यांचं परीक्षण.

‘फॉलआउट’, २०१८, सहावा भाग. इथं डिस्क घ्यायचं कारण आगीपेक्षा चौकटीचं आहे. मोठ्या पडद्यासाठी चित्रित केलेले प्रसंग आले की वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या आक्रसतात आणि चित्र उंच होतं. टॉम क्रूझ विमानातून उडी घेतो तो प्रसंग बघा. उडी २५,००० फुटांवरून, संध्याकाळच्या ठरावीक उजेडात, म्हणजे दिवसाला एकच संधी. सराव आणि चित्रीकरण मिळून १०६ उड्या. शेवटचा हेलिकॉप्टरांचा पाठलाग कथेत काश्मीरमध्ये आहे आणि चित्रित झालाय न्यूझीलंडमध्ये. काश्मीर बघून आलेला माझा मेव्हणा दर वेळी “हे कुठलं काश्मीर?” म्हणून सुरू करतो, त्याला आता कुणी उत्तर देत नाही.

‘टॉप गन: मॅव्हरिक’ (२०२२) सबवूफरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडं खालचा घुमणारा आवाज देणारा स्पीकर आहे त्यांच्यासाठी. नटांना खऱ्या एफ-१८ लढाऊ विमानांच्या मागच्या सीटवर बसवून कॉकपिटमध्ये सहा कॅमेरे लावले होते. गालाची कातडी ओढली जाते ती खरी. आवाजाचं ऑस्कर याला मिळालं आणि ते योग्यच होतं. गोष्ट म्हणाल तर पहिल्याच भागाची, नीट इस्त्री केलेली.

एका बाबतीत मात्र माझा नियम मलाच तोंडघशी पाडतो. २०१५चा ‘स्पेक्टर’, बाँडपट. मोरोक्कोत एरफूदजवळ जो स्फोट केला तो सिनेमातला सर्वांत मोठा स्फोट म्हणून गिनीजमध्ये नोंदला गेला. ८,४१८ लिटर केरोसीन, ३३ किलो स्फोटकं, साडेसात सेकंदांहून जास्त वेळ चाललेला. सगळं खरं. क्रिस कॉरबोल्ड यांच्यासारखा स्पेशल इफेक्ट्समध्ये मुरलेला माणूस त्यामागं होता. आणि बघताना? काही वाटत नाही. नायक-नायिका लांब उभारून बघताहेत, वाळवंटात कुठंतरी ढग उठतोय, त्यांना धक्का नाही, आपल्यालाही नाही. मी प्लेअरवर तीनदा मागं-पुढं करून बघितलं, सबवूफर वाढवून बघितलं. आग खरी असून भागत नाही, तिच्याजवळ कुणीतरी असावं लागतं. उलट १९८९चा ‘लेथल वेपन २’ घ्या. खांबांवर उभं केलेलं डोंगरउतारावरचं घर, खांबाला केबल, केबलला पिकअप ट्रक, ओढलं की आख्खं घर घसरत खाली. त्यासाठी पूर्ण मापाचं घर बांधून पाडलं होतं. गोष्टीत घर पाडायला बारूद एक चिमूटही लागत नाही आणि तरी आमच्या हॉलमध्ये सगळे एकदम “आयला!” करतात.

घरच्या जोडणीबद्दल थोडं. पंचावन्न इंची टीव्ही, पाच स्पीकर, एक सबवूफर. शिवाजी पेठेतलं घर, भिंतीला भिंत लागलेली आणि खालच्या मजल्यावर काकू. सुरुवातीला सबवूफर फरशीवरच होता. रात्री दहाला काकू वर आल्या, “बाळा, कुणाचं लग्न हाय रं?” म्हणाल्या. मग कारखान्यातून लेथखाली घालतात ते व्हायब्रेशनचे रबरी पॅड आणून सबवूफरखाली घातले. स्वयंपाकघरातली पातेली वाजायची थांबली आणि आवाजही नेटका झाला. दुकानात यासाठी वेगळं महागडं स्टँड विकतात, ते घेऊ नका. साडेदहानंतर प्लेअरमधली रात्रीच्या आवाजाची सेटिंग लावायची. मोठे आवाज दबतात, बोलणं ऐकू येतं. स्फोट त्यात मरतात, पण काकूंचं वय बघता ते सोसावं लागतं.

खरेदीचं बोलायचं तर आपल्याकडं नव्या ४के डिस्का दुकानात जाऊन घ्यायचे दिवस गेले. बाहेरून मागवावी लागते, कर आणि टपाल धरून एकीला अडीच-तीन हजार सहज पडतात. कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर सुकामेव्याऐवजी डिस्क सांगा. ४के डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं, कुठलीही कुठंही चालते. ब्ल्यू-रेला असतं. आपला भारत ‘सी’ गटात, अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, डीव्हीडीत आपण पाचव्या विभागात. अमेरिकेहून आणलेली ब्ल्यू-रे इथल्या प्लेअरमध्ये नुसतीच फिरत बसते असं होऊ शकतं, तेव्हा आणायच्या आधी मागचं कव्हर बघायला सांगा. जुन्या घ्यायच्या तर बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचा माल अजून इथं-तिथं निघतो, तीन-चारशेत चांगली ब्ल्यू-रे मिळते. उजेडात तिरकी धरून बघा. बारीक चरे चालतात, मधल्या भोकापासून निघालेली चीर चालत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला ‘जवळजवळ नवी’ म्हणून पाठवली तिला नेमकी तशी चीर होती. पैसे परत मिळाले, पण पार्सल परत न्यायला माणूस येईना, ती चीर गेलेली डिस्क आता कारखान्यात चहाच्या किटलीखाली असते.

४के डिस्क मध्येच अडकली तर लगेच प्लेअरला शिव्या घालू नका. ६६ किंवा १०० जीबी डेटा त्या एवढ्याशा चकतीत बसवलेला असतो, बोटाचा एक ठसाही तिला पुरतो. मऊ कापडानं आतून बाहेर सरळ पुसायचं, गोल फिरवून नाही. शर्टाला तर अजिबात नाही.

हिंदी आवाज हवा असेल तर भारतात निघालेल्या जुन्या ब्ल्यू-रे शोधा, काहींवर असतो. बाहेरच्यांवर बहुधा नसतोच. आमच्या मेल्टरला श्वार्झनेगर हिंदीत बोललेलाच पाहिजे असतो, इंग्रजीत तो त्याला खोटा वाटतो, त्यामुळं एक जुनी हिंदीवाली डीव्हीडी मी अजून जपून ठेवलीय. चित्र यथातथाच, पण तो ती मागून नेतो आणि वेळेवर परत आणतो. तुम्हालाही कुणाला उसनी हवी असेल तर उद्यमनगरात दुपारची पोरिंग, म्हणजे मेटल ओतून, झाल्यावर या. ‘फ्युरी रोड’ सोडून काहीही देतो.